फाईलींच्या नावांतला जोकर

रमीच्या डावात जोकर हाती आला की खेळणाऱ्याचा चेहरा खुलतो, कारण तो कोणत्याही पानाच्या जागी चालतो. संगणकातील फाईलींच्या नावांतही असे जोकर असतात. त्यांना मिळालेले 'वाइल्डकार्ड' हे नाव पत्त्यांच्या खेळातूनच आले. त्यांतले मुख्य दोन म्हणजे तारका (*) आणि प्रश्नचिन्ह (?).

समजा, शाळेच्या संगणकावर पावसाच्या नोंदी महिन्यागणिक एकेका फाईलीत ठेवल्या आहेत आणि फाईलींची नावे 'पाऊस-२०२३-०६', 'पाऊस-२०२३-०७' अशी आहेत. २०२३ सालच्या सगळ्या फाईली हव्या असतील, तर 'पाऊस-२०२३-*' एवढे लिहिले की भागते. तारकेच्या जागी कितीही अक्षरे चालतात, एकही नसले तरी चालते. प्रश्नचिन्हाच्या जागी मात्र नेमके एकच अक्षर लागते. म्हणून दरवर्षीचा जुलै हवा असेल, तर 'पाऊस-????-०७'. याशिवाय चौकटी कंस आहेत. 'पाऊस-२०२३-०[६-९]' म्हटले की जून ते सप्टेंबर हे पावसाळ्याचे चार महिने हाती येतात.

'नेमके एक अक्षर' याबाबत मराठीत एक गंमत आहे. लिनक्सवर किंवा पायथन भाषेत 'सातवी', 'आठवी', 'नववी', 'दहावी' अशा नावांच्या चार फाईली करा आणि '???' हा नमुना देऊन पाहा. आपल्या डोळ्यांना प्रत्येक नावात तीनच अक्षरे दिसतात, पण एकही फाईल सापडणार नाही. संगणक 'व' आणि त्याची वेलांटी वेगवेगळी मोजतो, काना वेगळा मोजतो. त्याच्या लेखी 'आठवी' आणि 'नववी' चार चिन्हांच्या आहेत, तर 'सातवी' आणि 'दहावी' पाच चिन्हांच्या. वर्गात करून दाखवण्याजोगा हा प्रयोग आहे.

आता प्रश्न असा, की तारकेचा अर्थ लावतो कोण? अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही प्रणाली घडत होती, तेव्हा १९७१ सालच्या तिच्या पहिल्या आवृत्तीत या कामासाठी 'ग्लॉब' नावाचा स्वतंत्र प्रोग्रॅम होता. ('ग्लोबल' या शब्दाचे हे लघुरूप. नमुन्यांना आजही याच नावाने ओळखतात.) पुढे हे काम आज्ञा स्वीकारणाऱ्या 'शेल'मध्येच सामावले गेले. शेल तारका पाहतो, जुळणारी नावे शोधतो आणि त्यांची यादी पुढच्या प्रोग्रॅमच्या हाती देतो. त्या प्रोग्रॅमला तारका दिसतच नाही! डॉसमध्ये उलट होते. तेथे तारका जशीच्या तशी आज्ञेपर्यंत पोचत असे.

हा फरक कोरडा वाटेल, पण युनिक्सच्या घराण्यात त्याचा फटका जबर बसतो. '.जुने' या शेपटीच्या फाईली पुसण्यासाठी '*.जुने' लिहायचे असते. चुकून तारकेनंतर मोकळी जागा पडली, तर त्या एकाच्या दोन मागण्या होतात: एक 'सगळे' आणि दुसरी '.जुने' नावाची फाईल. पुसणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती तयार यादी येते. ती तारकेतून आली की कोणी एकेक नाव विचारपूर्वक टंकले, हे त्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून तोच नमुना आधी केवळ यादी दाखवणाऱ्या आज्ञेला द्यावा, यादी वाचावी आणि मगच पुसावे.

तारकेच्या मर्यादाही आहेत. ती फोल्डरची भिंत, म्हणजे मार्गातील तिरकी रेघ, ओलांडत नाही. आतल्या फोल्डरांतही शिरायचे असेल, तर जोडतारका (**) वापरावी लागते आणि ती सोय सगळीकडे नसते. टिंबाने सुरू होणारी नावेही साधी तारका सहसा वगळते.

माझ्या मते सर्वांत फसवा मुद्दा क्रमाचा आहे. शेल यादी वर्णानुक्रमे लावून देतो. पायथनमधील 'ग्लॉब' तसे करत नाही. डिस्कवरील व्यवस्था ज्या क्रमाने नावे सांगेल, त्याच क्रमाने तो ती पुढे करतो. काही व्यवस्था नावे क्रमवार ठेवतात, काही ठेवत नाहीत.

याची किंमत रसायनशास्त्रज्ञांना २०१९ साली कळली. एका रेणूचे एनएमआर मापन कसे दिसेल याचा हिशेब करणारी पायथन आज्ञावली २०१४ साली प्रसिद्ध झाली होती. 'विलोबी-हॉय' या नावाने ती ओळखली जाते, आणि शंभराहून अधिक शोधनिबंधांत तिचा उल्लेख होता. रेणूच्या प्रत्येक संभाव्य आकारासाठी दोन फाईली असत, एक ऊर्जेची आणि एक चुंबकीय गणिताची. आज्ञावली नमुना देऊन फाईली गोळा करी आणि दोन्हींचा क्रम सारखाच आहे असे धरून जोड्या लावी. हवाई विद्यापीठातील संशोधक नील-हरित जीवाणूंपासून मिळालेल्या संयुगांचा अभ्यास करत होते. त्यांनी तोच हिशेब वेगवेगळ्या संगणकांवर केला. विंडोज १० आणि मॅकच्या मॅव्हरिक्स आवृत्तीवर उत्तर आले १७३.२, मॅकच्याच मोहावे आवृत्तीवर १७२.७ आणि उबुंटूवर १७२.४! फाईली त्याच, सूत्र तेच. काही संगणकांवर एका आकाराची ऊर्जा दुसऱ्याच आकाराच्या मापनाशी जोडली जात होती. आज्ञावली कोठेही अडखळली नाही, म्हणूनच इतकी वर्षे कोणाला संशय आला नाही. मूळ लेखकांनी ती लिहिली, तेव्हा त्यांच्या संगणकावर नावे क्रमवार येत असणार. दुरुस्ती अगदी छोटी होती: यादी वापरण्यापूर्वी ती क्रमाने लावणे.

पण क्रम लावला म्हणजे सारे झाले असेही नाही. वर्णानुक्रमात 'नमुना-१०' हा 'नमुना-२'च्या आधी येतो, कारण तुलना संख्यांची नव्हे, एकेका चिन्हाची होते. म्हणूनच 'पाऊस'च्या नावांत महिना ६ न लिहिता ०६ लिहिला आहे. आणि एखादी फाईल गहाळ असेल, तर क्रमाने लावलेल्या जोड्याही त्या ठिकाणापासून पुढे सरकतात. जोडी लावायची ती यादीतील स्थानावरून नव्हे, तर नावावरून. ऊर्जेच्या फाईलीतील 'नमुना-०७' चुंबकीय गणिताच्या यादीत त्याच नावाने शोधावा, आणि सापडला नाही तर आज्ञावलीने तेथेच थांबावे.

एकही नाव जुळले नाही, तर पायथन मुकाट्याने रिकामी यादी देतो, आणि बॅश हा शेल तारकेसकट तो नमुनाच फाईलीचे नाव समजून पुढे धाडतो. तेव्हा कोणताही हिशेब सुरू करण्यापूर्वी किती फाईली सापडल्या, तो आकडा पडद्यावर छापून घ्यावा. वर्षभराच्या पावसासाठी तेथे १२ दिसले पाहिजेत.