कढईतली कॉफी आणि तापमापकाचा आकडा

भंडारा जिल्ह्यात घरोघरी चहाचंच राज्य, हे कुणीही कबूल करील. पण कॉफी काही अगदी परक्या मुलखातली नव्हे. आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला, सुमारे ११०० मीटर उंचीवर ती पिकते. शिवाय विकतच्या पुडीवरचं बारीक अक्षर एकदा वाचा. चिकोरी मिसळलेल्या पुडीत कॉफी ५१ टक्के असली तरी कायद्याला चालते! तेव्हा कच्ची बी आणून घरीच भाजावी असं एखादीला वाटलं तर नवल नाही.

रवा, शेंगदाणे आपण नाकाडोळ्यांच्या भरवशावर भाजतो, मग कॉफीलाच तापमापक कशाला? कारण शेवटी शेवटी बी स्वतःच उष्णता सोडू लागते. खमंग आणि करपट यांत मग मिनिट-दीड मिनिटाचंच अंतर उरतं, आणि धुरात रंग नीट दिसत नाही.

भंडारा पितळी भांड्यांचं गाव. साहजिकच हात आधी माळ्यावरच्या पातेल्याकडे जाईल. तो आवरा, बरं का! कल्हईचं कथील २३२ अंशांना वितळतं, आणि बी २२० अंशांवर असताना भांड्याचा तळ त्याहून बराच तापलेला असतो. न चिकटणारं काळं भांडंही नको. जास्त तापलं की त्याच्या थरातून अपायकारक धूर निघतो. आपली जाड लोखंडी कढई उत्तम. तिच्यावर बसणाऱ्या स्टीलच्या झाकणाला तीन भोकं पाडून घ्या. मधल्यातून हँडलची ढवळणी, बाजूच्यातून तापमापकाची कांडी आणि तिसरं धुराला.

तापाचा थर्मामीटर ४२ अंशांनाच संपतो, आणि पाऱ्याची काचेची नळी कढईत घालणं म्हणजे घरात विष सांडायला बोलावणं. त्यापेक्षा तापमान दाखवणारा मल्टिमीटर आणि त्याला ‘के’ जातीची, स्टीलच्या आवरणाची थर्मोकपल कांडी घ्या. कांडीत दोन निराळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडलेल्या असतात. टोक तापलं की किंचित वीज निर्माण होते, तिच्यावरून यंत्र आकडा दाखवतं. आधी उकळत्या पाण्यात परीक्षा घ्या. आपल्या भागात ९९ च्या आसपास आकडा यायला हवा.

कांडीचं टोक बियांत बुडलेलं, पण तळाला न टेकलेलं असावं. टेकलं तर कढईचं तापमान कळेल, बियांचं नव्हे. ढवळणीचं पातं टोकाच्या खालून फिरू द्या.

तापल्या कढईत पाव किलो बी टाकली की आकडा आधी खाली घसरतो. घाबरू नका, बी थंड असते म्हणून. मग तो चढू लागला की दर मिनिटाला वहीत लिहा. हात ढवळण्यात गुंतलेला, म्हणून लिहायला मुलांना बसवावं! दीडशेच्या पुढे बी पिवळी होऊन भाजल्या तांदळासारखा वास येतो. १८५ ला आच मंद करा. २०० च्या आसपास लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट होतो. २२५ च्या सुमारास दुसरा, बारीक आवाज येतो, तेल सुटतं. फिल्टर कॉफीसाठी या दोहोंच्या मधे, २१५ ला मी थांबते.

पण हे आकडे तुमच्या कढईला जसेच्या तसे लावू नका. कांडी जाड असली की ती मागे पडते, बी कमी असली की वेगळंच सांगते. पहिला तडतडाट तुमच्याकडे १९० ला ऐकू आला तर तोच तुमचा आकडा, पुढचं सगळं त्याच्यापासून मोजायचं. तीन घाणे झाले की तुमची वही माझ्यापेक्षा शहाणी होईल.

लोखंड ताप धरून ठेवतं, म्हणून हव्या आकड्याच्या पाच अंश अलीकडेच बी स्टीलच्या चाळणीत ओता आणि पंख्याखाली हलवत राहा. कोमट झाल्यावर सुपात पाखडलं की फोलपटं उडतात. पाव किलोची साधारण २१० ते २१५ ग्रॅम भरेल. खिडकी उघडी ठेवा, कढई सोडून दाराची बेल वाजली तरी जाऊ नका. फोलपटांनी पेट घेतलाच तर गॅस बंद करून वर जाड ताट झाका.

ताजी भाजलेली बी दोन दिवस वायू सोडत असते. तोवर बरणीचं झाकण घट्ट लावू नये, आणि दळायचीही घाई करू नये.