बुलेट ट्रेनचे स्वस्त तिकीट : सवलत कुणाला, कशाच्या मोबदल्यात?

टोकियोहून ओसाकाला निघालेल्या 'नोझोमी' गाडीच्या एकाच डब्यात, शेजारशेजारच्या आसनांवर बसलेल्या चार प्रवाशांनी चार निरनिराळ्या किमती मोजलेल्या असू शकतात. एकाने ऐन वेळी खिडकीवर पूर्ण पैसे भरलेले असतात. दुसऱ्याने तीन आठवडे आधीच आसन राखून काही हजार येन वाचविलेले असतात. तिसरा विद्यार्थी असतो आणि त्याच्या खिशात विद्यापीठाचा दाखला असतो. चौथा परदेशी पाहुणा असतो व त्याने सात दिवसांचा पास घेऊन वर जादा आकार भरलेला असतो. आसन तेच, वेग तोच, खिडकीतून दिसणारा फुजी पर्वतही तोच. मग किमती चार का? जपानला जाणाऱ्या भारतीयांची संख्या अलीकडे वाढली आहे. मुलगा वा मुलगी तिकडे नोकरीला अथवा शिक्षणाला आहे, अशी मराठी कुटुंबेही आता थोडी नाहीत. त्यांना हा प्रश्न सवलतीचे तिकीट कोठे मिळते, एवढ्यापुरताच पडतो. परंतु ते कोठे मिळते हे नीट समजण्यासाठी ते का मिळते, हे आधी समजून घ्यावे लागते.

शिंकान्सेनचे भाडे हे वस्तुतः एक भाडे नसून दोन भाड्यांची बेरीज असते. अंतरानुसार ठरणारे मूळ भाडे हा पहिला भाग आणि जलद गाडीचा अधिभार हा दुसरा. २०२३ पासूनच्या दरपत्रकानुसार टोकियो ते शिन-ओसाका या प्रवासाचे मूळ भाडे ८,९१० येन आणि नोझोमीच्या राखीव आसनाचा अधिभार, साधारण दिवसांत, ५,८१० येन. एकूण १४,७२० येन. शंभर येनला पंचावन्न ते साठ रुपये धरले, तर ही रक्कम आठ हजार रुपयांच्या पुढे जाते. मध्यमवर्गीय भारतीयाला ती विमानाच्या तिकिटाएवढी वाटते, आणि जपानी कारकुनालाही ती काही किरकोळ वाटत नाही. म्हणूनच रात्रभर धावणाऱ्या लांब पल्ल्याच्या बसगाड्या तेथे अजून भरून जातात.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने गाडीतील आसन ही भाजीपाल्याहूनही नाशवंत वस्तू आहे. गाडी फलाटावरून हलली की रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते. सोळा डब्यांच्या आणि १,३२३ आसनांच्या गाडीत आणखी एक उतारू बसविण्याचा जादा खर्च जवळजवळ नसतोच. त्यामुळे पूर्ण भाडे देऊ न शकणाऱ्याला कमी भाड्यात घेणे कंपनीच्या फायद्याचे ठरते. मात्र एका अटीवर. पूर्ण भाडे देऊ शकणाऱ्याने त्या स्वस्त तिकिटाकडे वळता कामा नये. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये मूल्यभेदाचे जे विवेचन केले, त्याचा गाभा हाच आहे. ग्राहकांचे गट वेगळे पाडता आले पाहिजेत, आणि एका गटाला मिळालेली वस्तू त्याला दुसऱ्या गटाला विकता येऊ नये.

हे गट कसे पाडतात, याचे मर्म त्याच्याही आधी फ्रेंच इंजिनिअर ज्यूल द्युप्युई याने १८४९ च्या सुमारास ओळखले होते. त्या काळी तिसऱ्या वर्गाचे काही डबे बिनछपराचे असत. छपराला फारसा खर्च येतो म्हणून ते टाळले जात नव्हते, किंवा गरिबांना त्रास व्हावा अशीही कोणाची इच्छा नव्हती. दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडणाऱ्याने तिसऱ्या वर्गात शिरू नये, एवढ्यासाठी तो वर्ग गैरसोयीचा ठेवला जात होता, असे त्याचे निदान होते. आजच्या शिंकान्सेनमध्ये बिनछपराचा डबा अर्थातच नाही. पण सवलतीच्या प्रत्येक तिकिटावरचे छप्पर कोठे ना कोठे काढून घेतलेले असते, आणि ते कोठे काढले आहे हे पाहणे हेच सुज्ञ प्रवाशाचे काम आहे.

याचे ठळक उदाहरण म्हणजे 'कोदामा' गाड्यांसाठी विकली जाणारी 'पुरात्तो कोदामा' ही योजना. कोदामा प्रत्येक स्थानकावर थांबते, मागून येणाऱ्या नोझोमींना वाट देत उभी राहते आणि टोकियो-ओसाका अंतराला सुमारे चार तास घेते. नोझोमीला अडीच तास पुरतात. या योजनेत साधारणतः दोन-तीन हजार येन वाचतात आणि वर एखाद्या पेयाचे कूपन मिळते. मात्र ठरलेली गाडी चुकली तर दुसऱ्या गाडीत बसता येत नाही, वाटेत उतरून मुक्काम करता येत नाही आणि तिकीटही आगाऊच घ्यावे लागते. येथे छप्पर काढले आहे ते वेळेचे. दीड तास जादा घालवून तीन हजार येन वाचत असतील, तर तासाला दोन हजार येन पदरात पडले. जपानमधील किमान वेतनाची देशव्यापी सरासरी २०२४ मध्ये तासाला १,०५५ येन होती. म्हणजे किमान वेतनावर राबणाऱ्याला कोदामा पत्करणे शहाणपणाचे आहे, तर बड्या कंपनीच्या अधिकाऱ्याला ते परवडत नाही. दोघांना कोणी काही विचारलेले नसते. ते आपापल्या रांगेत आपणच जाऊन उभे राहतात. १ ऑक्टोबर १९६४ रोजी ही रेल्वे सुरू झाली, तेव्हा सर्वांत वेगवान 'हिकारी' गाडीला याच अंतराला चार तास लागत आणि सारे जग त्या वेगाने थक्क झाले होते. तेव्हाचा तो वेग आज सवलतीत विकला जातो आहे!

दुसरे छप्पर आहे ते मनःपूत बदल करण्याच्या मुभेचे. टोकियो-ओसाका-हाकाता मार्गावरील 'स्मार्ट ईएक्स' या आरक्षण पद्धतीत, इंग्रजीतूनही, नाव नोंदवून तिकीट घेता येते. नुसत्या नोंदणीने मिळणारी सूट चहापाण्यापुरती असते. खरी सूट 'हायातोकु' म्हणजे आगाऊ खरेदीच्या योजनांत आहे. त्या प्रवासाच्या तीन, सात किंवा एकवीस दिवस आधी घ्याव्या लागतात, त्यांतील आसने मर्यादित असतात, सणासुदीच्या गर्दीच्या दिवसांत त्या बहुधा मिळत नाहीत, आणि काही योजना दोघे वा अधिक जण बरोबर असतील तरच लागू होतात. टोकियोच्या उत्तरेकडे सेंदाई, आओमोरी या बाजूला जायचे तर पूर्व जपान रेल्वेच्या 'एकी-नेट'वरील सवलती पाहाव्या लागतात. महिनाभर आधी आपला दिनक्रम ज्याला ठाऊक आहे, त्याला हे तिकीट लाभते. सहलीला जाणाऱ्या शिक्षकाला तो ठाऊक असतो. आजारी आईला भेटायला धावणाऱ्या मुलाला नसतो. निकडीत सापडलेला माणूस सर्वांत जास्त पैसे मोजतो, ही या व्यवस्थेची सर्वांत बोचरी बाजू होय.

'किंकेन' दुकानांचा अस्त

पुनर्विक्री झाली की मूल्यभेद कोलमडतो, हे पिगूचे सूत्र जपानमध्ये अनेक वर्षे रस्त्यावर पाहावयास मिळत होते. नेहमी प्रवास करणाऱ्यांसाठी रेल्वे सहा तिकिटांचा संच थोड्या सवलतीत विकत असे. टोकियोतील शिंबाशीसारख्या स्थानकांभोवती 'किंकेन' नावाची छोटी दुकाने आहेत; ती हे संच फोडून सुटी तिकिटे विकत. दुकानदाराला थोडा नफा, प्रवाशाला खिडकीपेक्षा काही शे येन स्वस्त तिकीट. कसलीही आगाऊ नोंदणी नाही, मुदतीची धावपळ नाही. गाडी सुटण्यापूर्वी दहा मिनिटे आलेल्या माणसालाही सवलत मिळे. घाऊक ग्राहकासाठी ठेवलेली सूट किरकोळ ग्राहकाच्या हाती पडत होती, आणि कंपनीला नेमके हेच नको होते. टोकियो-ओसाका नोझोमीच्या साध्या वर्गाच्या या संचांची विक्री ३१ मार्च २०२२ रोजी थांबली. त्यांची जागा सभासदाच्या नावाशी व कार्डाशी बांधलेल्या तिकिटांनी घेतली. कागदी तिकीट या हातातून त्या हातात जाऊ शकत होते, कार्डावरची नोंद जाऊ शकत नाही. तांत्रिक प्रगतीने प्रवाशाची सोय झाली हे खरेच. पण तिने प्रवाशांमधला एक छोटा बाजारही मोडून काढला, याची दखल फारशी कोणी घेतली नाही.

परदेशी पाहुण्यांच्या 'जपान रेल पास'ची कथा याहून निराळी आहे. तोट्यात रुतलेल्या जपानच्या राष्ट्रीय रेल्वेने तो १९८१ मध्ये सुरू केला. (ही रेल्वे तोट्यात गेली तीही १९६४ मध्येच, म्हणजे शिंकान्सेन सुरू झाली त्याच वर्षी.) पुढे १ एप्रिल १९८७ रोजी तिचे विभाजन होऊन सहा प्रवासी कंपन्या निघाल्या, तरी पास टिकला. सात दिवसांना २९,६५० येन असा त्याचा दर असताना टोकियो-ओसाका एकदा जाऊन येण्यातच तो जवळपास वसूल होई. ऑक्टोबर २०२३ मध्ये हा दर एकदम ५०,००० येनवर नेण्यात आला; वाढ जवळजवळ ६९ टक्के. टोकियो-हिरोशिमा या सुमारे नऊशे किलोमीटरच्या प्रवासाला एका बाजूने १९,७०० येनच्या आसपास पडतात. म्हणजे जाऊन-येऊनही चाळीस हजारांच्या आतच. त्यातून पासधारकाला नोझोमीत बसायचे असेल तर प्रत्येक खेपेला वेगळा आकार भरावा लागतो. तात्पर्य, जपान म्हटले की आधी पास काढायचा हा जुना सल्ला आज बहुतेकांना तोट्यात घालील. सात दिवसांत तीन-चार लांबचे पल्ले नसतील तर सुटी तिकिटे, आगाऊ सवलती किंवा एखाद्या भागापुरते मिळणारे प्रादेशिक पास हेच किफायतशीर पडतात.

हा पास केवळ अल्पकाळ येणाऱ्या पर्यटकांसाठी आहे. टोकियोत नोकरी करणाऱ्या मराठी अभियंत्याला तो मिळत नाही, त्याला भेटायला आलेल्या आईवडिलांना मिळतो. तेथील कर भरणारा पूर्ण भाडे देतो आणि पाहुण्याला सूट मिळते, हे वरकरणी उफराटे दिसते. परंतु पाहुणा विमानाने जाईल किंवा जाणारच नाही ही शक्यता मोठी, आणि रहिवाशाला दुसरा सोयीचा पर्याय नाही. मूल्यभेदाच्या तर्कात हे चपखल बसते. न्यायाच्या तर्कात बसते की नाही, हा प्रश्न मात्र उरतो.

त्या मानाने विद्यार्थ्यांची सवलत सरळ आहे. मान्यताप्राप्त शाळा-महाविद्यालयाचा दाखला दाखविला, की शंभर किलोमीटरहून लांबच्या प्रवासाच्या मूळ भाड्यात २० टक्के सूट मिळते, आणि तेथे रीतसर शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यालाही ती घेता येते. मात्र ती मूळ भाड्यावरच असते, जलद गाडीच्या अधिभारावर नाही. टोकियो-ओसाका प्रवासात १,७९० येन वाचतात. एकूण रकमेच्या सुमारे १२ टक्के. ज्यांच्यापाशी पैसा नाही पण वेळ आहे, त्यांच्यासाठी १९८२ पासून चालत आलेले 'सेइशुन १८' तिकीट आहे. नाव तारुण्याचे असले तरी त्याला वयाची अट नाही. ते शिंकान्सेनमध्ये मात्र चालत नाही, साध्या गाड्यांतून दिवसभर रखडत जावे लागते. तेथेही २०२४ च्या हिवाळ्यापासून सलग दिवसांची अट आली आणि सवडीने, तुटक तुटक प्रवास करण्याची मोकळीक संपली.

मुंबई-अहमदाबादच्या निमित्ताने

टोकियो-ओसाका मार्ग ५१५ किलोमीटरचा, आणि जपानी कर्जाच्या व तंत्राच्या साह्याने आखलेला मुंबई-अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरचा. त्यामुळे जपानचे दरपत्रक महाराष्ट्रात वाचले जाणे अपरिहार्य आहे. ते वाचताना एक गोष्ट आवर्जून पाहावी. जपानमध्ये राखीव आसनाच्या दरात गर्दीनुसार पडणारा फरक अगदी लहान आहे. कमी गर्दीच्या दिवशी २०० येन कमी, अतिगर्दीच्या दिवशी ४०० येन जास्त. म्हणजे नीचांक आणि उच्चांक यांत अंतर चार टक्क्यांच्या आसपास. भाड्याची व शिंकान्सेनच्या अधिभाराची कमाल मर्यादा तेथे सरकारच्या मंजुरीने ठरते. त्यामुळे कंपन्या त्या मर्यादेखाली उतरून सवलती देतात, वर चढत नाहीत. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांना लागू झालेली 'फ्लेक्सी' पद्धत याच्या नेमकी उलट होती. तीत आसने भरत जातील तसे भाडे दीडपटीपर्यंत चढत जाई. एके ठिकाणी आधी पाहणाऱ्याला बक्षीस, दुसऱ्या ठिकाणी उशिरा येणाऱ्याला दंड. हिशेबाच्या वहीत दोन्ही सारखेच दिसतील, पण खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाला ते सारखे वाटत नाही. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा हा अनुभव असंख्य घरांनी घेतला.

जपानची व्यवस्थाही आता घट्ट होत चालली आहे. आयत्या वेळी येणाऱ्याचा खरा आधार म्हणजे अनारक्षित डबे. तेथे ऋतुमानाने भाडे बदलत नाही. पण २०२३ च्या वर्षअखेरीपासून सुट्ट्यांच्या गर्दीत नोझोमी पूर्णतः राखीव धावू लागली, आणि २०२५ च्या वसंतापासून इतर दिवसांतही तिच्या सोळा डब्यांपैकी दोनच अनारक्षित उरले.

मुंबई-अहमदाबाद मार्गाच्या आराखड्यातही दोन प्रकारच्या गाड्या आहेत. मोजक्या स्थानकांवर थांबणारी गाडी दोन तास सात मिनिटांत पोहोचेल, तर बाराही स्थानके घेणारी दोन तास अठ्ठावन्न मिनिटांत. महाराष्ट्रातील चार स्थानकांपैकी विरार आणि बोईसर येथील उतारूंची मदार मुख्यतः या दुसऱ्या गाडीवर राहण्याचा संभव आहे. जपानमध्ये कोदामा आणि हिकारी यांचा अधिकृत दर एकच आहे. संथ गाडीची सूट तेथे केवळ आगाऊ योजना ठाऊक असलेल्यांना मिळते. आपल्याकडे एक्कावन्न मिनिटे जादा घेणाऱ्या गाडीचे भाडे छापील दरपत्रकातच कमी असावे, की तेही तीन आठवडे आधी शोधून काढणाऱ्यालाच मिळावे, हे दरपत्रक छापण्यापूर्वी ठरवावे लागेल.