मोटारीच्या इंजिनांतील तराजू

आमच्या वाशीम जिल्ह्यांतील कारंजा येथें १८८६ सालीं कापसाचा नियमबद्ध बाजार सुरू झाला. हिंदुस्थानांतील अशा प्रकारचा पहिला बाजार म्हणून त्याचें नांव घेतलें जातें. पुढें १८९७ सालीं वऱ्हाडांतील कापूस व धान्य यांच्या बाजारांसाठीं कायदाहि झाला. बाजारास नियम कशासाठीं लागतात, हें शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको. तराजूस पासंग असला, तर वर्षाची मेहनत एका क्षणांत उणी होते. माल तेवढाच असतो. खोटें बोलतो तो कांटा. आज आम्ही वाचकांस अशाच एका तराजूची ओळख करून देणार आहों. तो मोटारीच्या इंजिनांत असतो आणि त्यावर तोलली जाते ती हवा.

हवा तोलावयाची कशास, असें कोणी विचारील. पेट्रोल जळण्यास हवा लागते, आणि तीहि ठराविक प्रमाणांत: एक ग्रॅम पेट्रोलास सुमारें १४.७ ग्रॅम हवा. हें प्रमाण वजनाचें आहे, आकारमानाचें नाहीं. हवा तापली म्हणजे विरळ होते. पौषांतील पहाटेची १० अंशांवरील हवा आणि वैशाखांतील दुपारची ४२ अंशांवरील हवा सारख्याच घागरींत भरली, तर दुसरीचें वजन सुमारें एक-दशांशानें कमी भरेल. म्हणून नुसत्या घागरी मोजून भागत नाहीं.

हें वजन सांगणाऱ्या यंत्रास मास एअरफ्लो सेन्सर म्हणतात. एअर फिल्टरांतून गाळलेली हवा ज्या नळीनें इंजिनाकडे जाते, त्या नळींत तो बसविलेला असतो. त्याच्या एका प्रकारांत प्लॅटिनमची बारीक तार विजेनें तापवून ठेवितात. गरम चहावर फुंकर घातली कीं तो निवतो. त्याचप्रमाणें वाहत्या हवेनें ही तार निवूं लागते. हवा जितकी अधिक, तितकी तार तप्त ठेवण्यास वीज अधिक. या विजेवरून इंजिनाचा संगणक हवेचें वजन ओळखतो व त्या मानानें पेट्रोल सोडतो. मात्र सेन्सर सारी हवा पाहत नाहीं. पोत्यांतील मूठभर धान्य पाहून साऱ्या पोत्याची पारख करावी, तसा तो प्रवाहाचा लहानसा अंश पाहतो. बाकीचा हिशेब नळीच्या रुंदीप्रमाणें संगणकाच्या कोष्टकांत अगोदरच मांडलेला असतो.

आतां कित्येक तरुण गाडीची ताकद वाढावी म्हणून तोच सेन्सर अधिक रुंद नळींत बसवितात. याचा परिणाम विद्यार्थ्यांनीं स्वतःच गणितानें पाहावा. नळीचा व्यास ७० मिलिमीटरांवरून ७७ केला असें समजूं. व्यास १.१ पट झाला, म्हणजे क्षेत्रफळ १.२१ पट झालें. तेवढीच हवा आतां संथपणें जाईल, आणि १०० भाग हवेस सेन्सर सुमारें ८३ भाग म्हणून सांगेल. संगणक पेट्रोलहि ८३ भागांपुरतेंच सोडील. १४.७ चें प्रमाण १७.८ वर जाईल. मिश्रण असें पातळ झालें कीं इंजिनाची ताकद घटते व तें अडखळूं लागतें.

धूर बाहेर जाण्याच्या नळींत ऑक्सिजन सेन्सर असतो. त्यास उरलेला प्राणवायु अधिक दिसतो, व त्याच्या साक्षीवरून संगणक पेट्रोल वाढवूं लागतो. कारागिरानें स्कॅनर लाविल्यास ही वाढ शेंकडा २१ च्या आसपास दिसेल. परंतु या दुरुस्तीस मर्यादा असते. शिवाय पाय पूर्ण दाबून गाडी पळवितांना पुष्कळ गाड्यांचा संगणक ही साक्ष बाजूस ठेवून हवेच्या आंकड्यावरच विसंबतो. आमच्या जिल्ह्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी २०२२ च्या डिसेंबरांत खुला झाला. अशा रस्त्यावर तो मोह फार.

कोणी म्हणेल, पेट्रोलाचे इंजेक्टर मोठे बसवूं म्हणजे झालें. पेट्रोलाचा हिशेब कदाचित् जुळेल. ठिणगीचा जुळणार नाहीं. इंजिनावर भार किती आहे, हें संगणक हवेच्या वजनावरूनच ठरवितो. भार हलका असतां ठिणगी लवकर पाडावी, जड असतां उशिरां पाडावी, असा नियम आहे. आंकडा खोटा असल्यानें जड भारहि त्यास हलका वाटतो व ठिणगी वेळेपूर्वीं पडते. मग इंजिनांतून ठोक्यांचा आवाज येतो, त्यास नॉकिंग म्हणतात. तें चालूच राहिलें तर पिस्टन निकामी होतो, आणि त्या खर्चाचा भार शेवटीं वडिलांवर पडतो.

तर मग बदल करूंच नये काय? नळी बदलल्यावर संगणकांतील कोष्टकहि नव्या नळीप्रमाणें मांडून, जाणत्याकडून तपासून घेतलें, तर आंकडे पुन्हां खरे होतात. मात्र जुनी नळी हवेस अडवीत नसेल, तर नुसत्या रुंदीनें ताकद वाढत नाहीं. शिवाय उत्पादकानें नोंदविलेल्या रचनेंत मनास येईल तसा फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नें मनाई केली आहे, हेंहि पालकांनीं ध्यानांत ठेवावें.

कधीं कधीं कोणीं हात न लावितांहि हा तराजू बिघडतो. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांतील धूळ फाटक्या फिल्टरांतून तारेवर बसते. फिल्टरास अति तेल लाविल्यास तेंहि तेथें चिकटतें. सेन्सरच्या पुढें नळीस चीर पडली, तर न तोललेली हवा आंत शिरते. अशा वेळीं फिल्टर व नळी प्रथम पाहावी. तार फार नाजूक असते. ती फडक्यानें पुसूं नये, तिच्यासाठीं मिळणाऱ्या फवाऱ्यानेंच स्वच्छ करावी.

कांटा हलवून कापूस वाढत नाहीं, हें कारंजाच्या बाजारानें फार पूर्वीं ओळखलें. ज्या विद्यार्थ्यांस यंत्रांची आवड आहे, त्यांनीं हात जरूर काळे करावे. परंतु पान्यास हात घालण्यापूर्वीं स्कॅनरवरील आंकडे वहींत उतरून घ्यावे, आणि बदलानंतर ते पुन्हां ताडून पाहावे, एवढीच आमची सूचना आहे.