फोनची वाट पाहणारी घरं

ओपीडीत पस्तिशीची एक बाई आली, सोबत सासूबाई. तीन महिन्यांपासून डोकं दुखतं, छातीत धडधडतं, रात्री दोनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं, ईसीजी काढला होता, चष्म्याचा नंबरही बदलून झाला होता. रिपोर्ट सगळे ठीक. मी बीपीचा पट्टा बांधायला घेतला, तेव्हा तिनं हातातला मोबाइल टेबलावर ठेवला नाही, दुसऱ्या हातात घेतला. म्हणून विचारलं, "मालक काय करतात?"

उत्तर सासूबाईंनी दिलं, "मिलिटरीत हाय. सध्या वर, बॉर्डरला."

पश्चिम महाराष्ट्रात हे उत्तर नवं नाही. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या तर नावालाच 'मिलिटरी' जोडलेलं आहे. तरीही घरातलं कुणी सैन्यात आहे का, हे आम्ही डॉक्टर सहसा विचारत नाही. मीसुद्धा नोकरीची पहिली कित्येक वर्षं विचारलं नाही, आणि अशा बायकांना डोकेदुखीच्या गोळ्या लिहून देत राहिले.

ही डोकेदुखी खोटी नसते. सतत धास्तीत असलेलं शरीर अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसोल जास्त तयार करतं. त्यानं नाडी वाढते, मानेचे स्नायू आखडतात, झोप उथळ होते, पोट बिघडतं. 'रोज रात्री नऊला फोन येतो' अशी सवय झाली आणि एके रात्री तो आला नाही, की पलीकडे साधी नेटवर्कची अडचण असली तरी इथलं शरीर संकट आल्यासारखंच वागतं. त्यात टीव्हीवरची ब्रेकिंग न्यूज. सीमेवर तणाव असतो त्या आठवड्यात तरी घरातला न्यूज चॅनल बंद ठेवा, असं मी स्पष्ट सांगते. सासरे ऐकत नाहीत, हा भाग वेगळा.

याचा अभ्यासही झाला आहे. अमेरिकी लष्करातील सैनिकांच्या सुमारे अडीच लाख पत्नींच्या वैद्यकीय नोंदी तपासून २०१० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक शोधनिबंध आला. नवरा इराक किंवा अफगाणिस्तानात जितका जास्त काळ, तितकं पत्नीमध्ये नैराश्य, चिंता आणि निद्रानाशाचं प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं. आपली घरं वेगळी आहेत. सासू-सासरे असतात, दीर-जाऊ असतात. त्याचा आधार होतो, पण रडायला कोपरा उरत नाही. 'फौजीची बायको आणि रडते?' हे वाक्य मी माझ्यासमोर बोललेलं ऐकलं आहे.

याहून कमी बोललं जातं ते सुट्टीबद्दल. माणूस घरी आला की सगळं सुरळीत होईल, अशी समजूत असते. पहिला आठवडा मटण, पाहुणे, देवदर्शन यांत जातो. मग खटके उडतात. वर्षभर बँक, शाळा, मोटरीचं बिल, आजारपण तिनं एकटीनं सांभाळलेलं असतं; तो आल्या आल्या निर्णय घ्यायला लागतो. मुलगा काही हवं असलं तर आजोबांकडे जातो, बापाला ते लागतं. त्याची झोप अजून ड्युटीवरचीच असते, भांडं पडलं तरी दचकून उठतो. कॅन्टीनची बाटली कधी एकाची दोन होते. दोघांपैकी कुणीच वाईट नसतं. दोन वेगवेगळ्या शिस्तींत जगलेली माणसं एका घरात आलेली असतात. पण हात उगारला जात असेल तर ते 'ताणामुळे' म्हणून सोडून देऊ नये. तिथं समुपदेशक दोघांशी वेगवेगळं बोलतात, आणि आधी तिच्या सुरक्षिततेचं पाहतात.

मदत कुठं मिळते? छावणीत राहणाऱ्या कुटुंबांसाठी लष्करी रुग्णालय आहे, युनिटमधली कुटुंब कल्याणाची व्यवस्था आहे, १९६६ पासून काम करणारी आर्मी वाइव्ज वेल्फेअर असोसिएशन म्हणजे 'आवा' आहे. अडचण गावात राहणाऱ्यांची. अनेकजणी ईसीएचएसच्या दवाखान्यात चौकशी करतात, पण ती योजना निवृत्त सैनिकांची आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांची आहे. पेन्शन, मुलांचं वसतिगृह, सरकारी कागदपत्रं यांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. मनाच्या तक्रारींसाठी सर्वांत जवळचा दरवाजा बहुतेकदा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाचा असतो. तेही जमत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. सैन्यदलं आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी टेलि-मानसचा वेगळा कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू करण्यात आला.

खोलीत नेमकं काय होतं, याची भीती असते. पहिल्या भेटीत सासूबाईंना बाहेर बसवलं जातं. झोप, जेवण, फोनच्या वेळा, पैसे विचारले जातात. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारलं जातं. विचारल्यानं तो विचार मनात येत नाही, उलट बोलता येतं. मग छोट्या गोष्टी ठरतात. 'फोन आला नाही तर नेटवर्क नाही असं धरायचं' हे नवरा-बायकोनं आधीच बोलून ठेवायचं. शेवटची पाच मिनिटं मुलांची. गरज असेल तरच गोळ्या. मात्र दोन आठवडे सलग उदास वाटत असेल, जेवण तुटलं असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर सुट्टीची वाट न पाहता यावं.

"ह्यांच्या साहेबांना कळंल का?" हा प्रश्न जवळपास प्रत्येकीचा. नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे, आणि जिल्हा रुग्णालयातला तिचा केसपेपर युनिटकडे जात नाही. जवानाची स्वतःची भीती मात्र अगदीच निराधार म्हणता येत नाही. सैन्यात मानसिक आरोग्याचाही मेडिकल कॅटेगरीत विचार होतो, आणि कॅटेगरी उतरली तर पोस्टिंग, बढतीवर परिणाम होऊ शकतो. त्यामुळे तो गप्प राहतो, आणि त्या गप्पपणाचा त्रास घरात डोकेदुखी होऊन निघतो. यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. लवकर सांगितलेला त्रास लवकर बरा होतो, एवढंच मी वैद्यकीय बाजूनं सांगू शकते.

ती बाई चौथ्या भेटीला आली तेव्हा नवरा सोबत होता, सुट्टीवर आलेला. खुर्चीच्या कडेला ताठ बसून म्हणाला, "मॅडम, कागदावर माझं नाव नको." मी तिचा केसपेपर दाखवला; त्यावर फक्त तिचं नाव होतं. दोघं समुपदेशकांच्या खोलीत गेले, पाऊण तासानं बाहेर आले. तिनं पुढची तारीख विचारली. त्याची गाडी १८ तारखेची होती, म्हणून आम्ही १६ दिली.