दोन गावे, एक दप्तर

हुबळी आणि धारवाड यांच्यामध्ये सुमारे 20 किलोमीटरचा रस्ता आहे, आणि या रस्त्याच्या दोन टोकांना वसलेल्या, वृत्तीने, व्यवसायाने आणि काहीशा अभिमानानेही परस्परांहून भिन्न असलेल्या दोन नगरांचा जन्ममृत्यूच्या नोंदीपासून गटारांच्या सफाईपर्यंतचा कारभार 1962 सालापासून एकाच महानगरपालिकेच्या दप्तरात चालत आलेला आहे. महाराष्ट्रातील वाचकाला सांगली-मिरज-कुपवाडचे उदाहरण लगेच आठवेल. परंतु ती महापालिका 1998 ची, म्हणजे हुबळी-धारवाडहून 36 वर्षांनी धाकटी, आणि सांगलीहून मिरजेला माणूस सायकलवर सहज जाऊन येतो. धारवाडहून हुबळीच्या कचेरीत एका दाखल्यासाठी जाऊन येणे म्हणजे मात्र अर्धा दिवस खर्ची घालणे होय. या अर्ध्या दिवसाचा प्रश्न पुढे केवढा झाला, ते यथाक्रम येईलच. आधी या दप्तरात रोज काय चालते ते पाहणे इष्ट.

दोन्ही नगरपालिका तशा जुन्या. शहरसुधारणेसंबंधीच्या 1850 च्या कायद्यान्वये हुबळीची नगरपालिका 15 ऑगस्ट 1855 रोजी आणि धारवाडची तिच्या पाठोपाठ 1 जानेवारी 1856 रोजी अस्तित्वात आली. दोन्ही गावे तेव्हा मुंबई इलाख्यात होती, आणि जुनी हुबळी तर 1820 पर्यंत सांगलीकर पटवर्धनांच्या अमलाखाली होती. त्यामुळे या भागाच्या कागदोपत्री अर्ज, दाखला, उतारा, ठराव ही आपल्या ओळखीची शब्दसंपत्ती, भाषा कानडी असूनही, आजतागायत नांदत आहे. आरंभीची पालिका म्हणजे सरकारनियुक्त सभासदांची मंडळी. लॉर्ड रिपनच्या 1882 च्या ठरावानंतर लोकनियुक्त सभासदांना वाट मिळाली आणि पुढे यथावकाश श्री. रोद्दा यांच्या रूपाने धारवाडला पहिला निर्वाचित अध्यक्ष लाभला. रिपनच्या ठरावाच्याच सुमारास सदर्न मराठा रेल्वे हुबळीला आली, तिचा कारखाना तेथे उभा राहिला, कापसाचा व्यापार वाढला, आणि कलेक्टरची कचेरी, न्यायालये व शाळा यांच्या सावलीत शांतपणे वाढणाऱ्या धारवाडपेक्षा ही व्यापारी बहीण लोकसंख्येने मोठी झाली. मोठेपणाबरोबर संकटेही आली: 1898 च्या प्लेगात हुबळीत हाफकिनची लस ज्या प्रमाणावर टोचली गेली, त्या प्रमाणाचा उल्लेख लसीकरणाच्या इतिहासात आजही होतो.

1956 साली राज्यपुनर्रचना होऊन हा प्रदेश म्हैसूर राज्यात गेला आणि सहा वर्षांनी दोन्ही पालिका एकत्र करण्यात आल्या. त्यामागील कल्पना कागदावर तरी मनोहर होती. धारवाडने विद्या आणि शासन सांभाळावे, हुबळीने उद्योग आणि व्यापार. दोन्ही शहरे परस्परांच्या दिशेने वाढत जाऊन उणकल, भैरीदेवरकोप्प, नवनगर, सत्तूर, नवलूर अशी मधली गावे सामावून घेतील आणि एके दिवशी नकाशावर एकच नगर दिसेल. कर्नाटक विद्यापीठ धारवाडात, आकाशवाणी धारवाडात, जी. ए. कुलकर्णींसारखा मराठी कथाकार इंग्रजी शिकवीत आयुष्याचा मोठा भाग घालवितो तोही धारवाडात. आणि कारखाने, बाजार, आडते, मालधक्का हुबळीत. नकाशा भरत आला हे खरे. पण नकाशातील रिकामी जागा भरली म्हणून दोन गावांचे एक गाव होत नाही, हे नियोजनकारांच्या ध्यानात फारसे आलेले दिसत नाही.

आता सभेकडे वळू. सध्याचे सभागृह 82 नगरसेवकांचे असून त्यांची निवडणूक 3 सप्टेंबर 2021 रोजी झाली. पूर्वीच्या सभागृहाची मुदत 2019 सालीच संपली होती आणि नव्या सभागृहाला महापौर मिळाला तो 28 मे 2022 रोजी; तेव्हा तीन वर्षांहून अधिक काळ साडेनऊ लाख वस्तीचे हे नगर महापौरावाचून राहिले, आणि त्यात निवडून आलेले सदस्य पदग्रहणाची वाट पाहत घरी बसले होते असाही एक दीर्घ काळ होता. या अवधीत घरपट्टी वसूल होत राहिली, दाखले मिळत राहिले, कचरा जमेल तसा उचलला गेला. यावरून प्रशासनाच्या चिवटपणाचे कौतुक करावे, की लोकप्रतिनिधींवाचून फारसे अडत नाही अशी सरकारची खात्री पटत चालली आहे म्हणून चिंता करावी, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या स्वभावानुसार सोडवावा. मला चिंता वाटते.

कर्नाटकात महापौराची मुदत अवघ्या एक वर्षाची असून पद आरक्षणाच्या क्रमाने फिरते. ईरेश अंचटगेरी, वीणा बरदवाड, रामप्पा बडिगेर, ज्योती पाटील अशी चार नावे 2022 ते 2025 या काळात महापौरांच्या फलकावर चढली. आपल्याकडे महापौराला अडीच वर्षे मिळतात आणि तीही अपुरी पडल्याची तक्रार होते. येथे तर हार, सत्कार आणि पाहणीदौरे आटोपून माणूस अंदाजपत्रकाच्या रकान्यांशी परिचय करून घेतो न घेतो तोच पायउतार होण्याची वेळ येते. परिणामी कारभाराची खरी सूत्रे सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे आणि त्यांच्या खालच्या अनुभवी कारकूनवर्गाकडे राहतात. कायद्याने चार स्थायी समित्या असतात: कर, अर्थ व अपिले यांची एक, आरोग्य, शिक्षण व सामाजिक न्यायाची दुसरी, नगररचना व सुधारणेची तिसरी आणि हिशेबांची चौथी. यांपैकी हिशेब समितीच्या बैठकीला वृत्तपत्रवाले क्वचितच फिरकतात, वास्तविक वाचकाच्या खिशाशी तिचाच संबंध सर्वांत निकटचा.

सर्वसाधारण सभेचे चित्र कोणत्याही पालिकेसारखेच. विषयपत्रिका आधी घरपोच झालेली असते. सभेच्या आरंभी मागील सभेचे इतिवृत्त कायम करावयाचे, आणि येथेच, म्हणजे अद्याप पहिला विषय पुकारला गेलेला नसताना, कोणीतरी उठून आपल्या वॉर्डातील बंद दिव्यांचा आणि तुंबलेल्या गटाराचा प्रश्न उपस्थित करतो. तास-दीड तास दिवे आणि गटारे चालतात. सभाध्यक्षांच्या आसनासमोरील मोकळ्या जागेत एखादी धरणेवजा बैठक होते, अधिकारी खाली मान घालून टिपणे घेतात, आणि मग दुपार कलू लागली की विषयपत्रिकेतील लक्षावधी रुपयांचे विषय सूचक, अनुमोदक आणि ‘मंजूर’ या तीन पायऱ्यांत भराभर उरकले जातात. प्रेक्षकाला हे विपरीत वाटते. तथापि मला त्यात एक न्याय दिसतो: दिव्याविषयी बोलण्याचा अधिकार सदस्याला मतदाराने दिलेला असतो, आणि निविदेचा मसुदा मात्र त्याच्या हाती येतो तो बहुधा पुरता शिजूनच.

पालिकेच्या उत्पन्नाची कथा थोडक्यात सांगता येईल. एके काळी जकात हा नगरपालिकांचा प्राण होता. कर्नाटकाने ती 1979 सालीच रद्द केली, जेव्हा महाराष्ट्रातील जकातनाके तेजीत होते आणि मुंबईचे तर 2017 पर्यंत चालू राहावयाचे होते. नाके उठले आणि पालिकेचे डोळे बंगळुरूकडून येणाऱ्या अनुदानाकडे लागले. स्वतःचे म्हणावे असे मुख्य उत्पन्न उरले ते मालमत्ता कराचे. हा कर मालकाने स्वतःच आकारून भरावयाचा असतो. अर्जावर भूखंडाचे क्षेत्रफळ, बांधकामाचे क्षेत्रफळ, छप्पर स्लॅबचे की कौलांचे, बांधकामाचे वर्ष, वापर राहण्याचा की व्यापाराचा हे लिहावयाचे, उपनिबंधकाच्या दरपत्रकावरून मूल्य काढावयाचे, वयोमानाची घट वजा करावयाची आणि येणाऱ्या करावर निरनिराळे उपकर चढवावयाचे. त्यात आरोग्याचा उपकर आहे, ग्रंथालयाचा शेकडा 6 आहे, आणि शेकडा 3 चा एक भिक्षेकरी उपकरही आहे. म्हणजे दारी आलेल्या याचकाला ‘पुढे जा’ म्हणणारा गृहस्थही वर्षातून एकदा, पावती घेऊन का होईना, त्याच्यासाठी दान करीत असतो. ग्रंथालयासाठी आणि भिक्षेकऱ्यांसाठी गोळा होणारी ही रक्कम पालिकेची नव्हे, ती त्या त्या खात्याकडे जावयाची असते. एप्रिल महिन्यात पूर्ण कर भरणाऱ्यास शेकडा 5 सूट आहे. उशीर करणाऱ्यास दरमहा शेकडा 2 दंड.

कर भरल्याने मालकी सिद्ध होत नाही, हे ठाऊक असूनही लोक कराची पावती दस्तऐवजासारखी जपतात, कारण खात्यावर नाव चढविण्याचा मार्ग तेथूनच जातो. वडील निवर्तले, घर तीन भावांचे झाले, की मृत्यूचा दाखला, वारसांची वंशावळ, प्रतिज्ञापत्र आणि चालू वर्षापर्यंतची करभरणा पावती एवढा संभार घेऊन अर्ज करावा लागतो. अर्जाची बारनिशी, म्हणजे आवक नोंद, होते, निरीक्षक जागेवर जातो, शेरा मारतो, आणि मग नाव बदलते. यातील मृत्यूचा दाखलाच पुष्कळदा वेळेवर नोंद न झाल्यामुळे अडलेला असतो. 1969 च्या कायद्याप्रमाणे जन्म किंवा मृत्यूची वर्दी 21 दिवसांच्या आत द्यावयाची असते; रुग्णालयात घडलेल्या घटनेची वर्दी रुग्णालय देते, घरी घडलेल्याची घरच्यांनी द्यावयाची, आणि तेथेच हयगय होते. वर्ष उलटले की प्रकरण दंडाधिकाऱ्याकडे जाते. ऑक्टोबर 2023 पासून नव्याने जन्मणाऱ्यांसाठी जन्मदाखला हा शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत एकमेव पुरावा ठरविण्यात आल्याने ही 21 दिवसांची मुदत पूर्वीहून पुष्कळच महत्त्वाची झाली आहे.

परंतु हुबळीत किंवा धारवाडात कोणाही गृहिणीला पालिका म्हणजे काय असे विचारले तर ती दाखल्याचे नाव काढणार नाही. ती पाण्याचे नाव काढील. कलघटगीच्या बाजूचा नीरसागर जलाशय 1955 चा, आणि मलप्रभेचे, सौंदत्तीजवळील धरणातले पाणी आले ते 1983 साली. दोन्ही मिळूनही कित्येक वस्त्यांना आठवड्यातून एकदाच पाणी मिळे. पाण्याचा वार हा सणवारासारखा कॅलेंडरात धरला जाई. त्या दिवशी पाहुणे बोलवावयाचे नाहीत, लग्नाला जावयाचे नाही, आणि पाणी रात्री दोनला येणार असेल तर दोनला उठावयाचे. अंगणाखालची टाकी, गच्चीवरची काळी टाकी, स्वयंपाकघरातील पिंपे, आणि शेवटी घागरी व तांबेसुद्धा भरून झाले की कालचे ‘शिळे’ पाणी झाडांना. या व्यवस्थेत सर्वांत मोठा अधिकारी आयुक्त नव्हे, महापौर तर नव्हेच. खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून फिरणारा, रस्त्याच्या कडेचे झाकण उचलून ती आत घालणारा आणि किती फेरे द्यावयाचे ते स्वतःच्या अंदाजाने ठरविणारा वॉल्व्हमन. त्याला गल्लीत चहा मिळे आणि शिव्याही त्याच गल्लीत मिळत.

2008 साली जागतिक बँकेच्या साहाय्याने हुबळी-धारवाड, बेळगाव आणि कलबुर्गी येथील निवडक वॉर्डांत अहोरात्र पाण्याचा प्रयोग झाला. हुबळीतील चार व धारवाडातील चार वॉर्ड त्यात होते. पुढे कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी या वॉर्डांची शेजारच्या वॉर्डांशी तुलना केली, तेव्हा सतत दाबाखाली असलेल्या नळांतील पाणी अधिक शुद्ध आढळले आणि टायफॉइड झाल्याचे सांगणारी घरेही कमी निघाली. साध्या हगवणीत मात्र एकूण फरक दिसला नाही. नळ रिकामा झाला की बाहेरची घाण आत ओढली जाते, हे शुद्धतेतील फरकामागील कारण. प्रयोग यशस्वी झाल्यावर तो उरलेल्या नगराला लागू होण्याची वाट लोक वर्षानुवर्षे पाहत राहिले, आणि दोन घरांमधील एका भिंतीच्या अलीकडे आठवड्याचे व पलीकडे चोवीस तासांचे पाणी अशी विषमता त्यांनी निमूटपणे सोसली.

येथे एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. ज्या पाण्यासाठी नगरसेवकाला शिव्या खाव्या लागतात ते पाणी या शतकाच्या आरंभापासून पालिकेच्या हातात नव्हते. ते राज्याच्या पाणीपुरवठा मंडळाकडे गेले आणि अलीकडे तेथून खासगी कंपनीकडे. नगररचना नागरी विकास प्राधिकरणाकडे आहे. 2016 साली स्मार्ट सिटीच्या यादीत नाव आल्यावर त्या कामांसाठी निराळी कंपनी निघाली, आणि दोन शहरांना जोडणारी जलद बससेवा आणखी एका कंपनीकडे. 74 व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांच्या कक्षेत यावीत अशी 18 कामे घटनेच्या बाराव्या परिशिष्टात नोंदविलेली आहेत. त्यांतली भारदस्त कामे एकेक करून बाहेर गेली आणि पालिकेच्या दप्तरी उरले ते दिवे, गटारे, कचरा, दाखले, कर, आणि अर्थात लोकांचा रोष.

धारवाडकरांनी स्वतंत्र महापालिकेसाठी दीर्घकाळ चळवळ केली तिचे मूळ या उरलेल्या किरकोळ कामांतच आहे. कर आम्हीही भरतो, पण निधी आणि अधिकारी हुबळीकडे ओढले जातात, ही त्यांची तक्रार; आणि हुबळीची वस्ती व सदस्यसंख्या पाहता सभागृहात धारवाडचे मत कधीच निर्णायक ठरावयाचे नाही, हे त्यातील उघड गणित. राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी 2025 मध्ये धारवाडच्या स्वतंत्र महापालिकेला मान्यता दिली. 82 पैकी 26 वॉर्ड धारवाडकडे जावयाचे असे ठरले. मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण मोठी कामे दुरून करता येतात, पण गटार आणि दाखला यांचा कारभार जवळच्या कचेरीतूनच व्हावा लागतो. मात्र पाणी आणि नगररचना जर आहेत तेथेच राहिली, तर धारवाडच्या वाट्याला नवा महापौर आणि जुनीच गाऱ्हाणी येतील.

धारवाडात घर असलेल्या, आणि नोकरीनिमित्त पुण्यामुंबईकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना एक सूचना करावीशी वाटते. दोन दप्तरांची वाटणी होते तेव्हा कागद एका कपाटातून दुसऱ्यात जातात आणि त्यात चुका राहून जातात. वाटणी पुरी होण्यापूर्वी आपल्या मिळकतीच्या खात्याचा ताजा उतारा काढून घ्यावा, त्यावरील नाव, मिळकत क्रमांक आणि क्षेत्रफळ खरेदीखताशी ताडून पाहावे, दिवंगत वडिलांचे नाव अद्याप चालू असेल तर वारसनोंदीचा अर्ज आजच द्यावा, आणि अर्जाच्या पोचपावतीवर बारनिशीचा क्रमांक व तारीख घातल्यावाचून खिडकीवरून हलू नये.