वाण, पेरणी व खत यांच्या जोड्या संगणकाच्या कोष्टकांत कशा मांडाव्या

सोलापूर जिल्ह्यांतील रब्बी ज्वारीच्या शेतकऱ्यापुढें दरवर्षीं एकच प्रश्न असतो: कोणता वाण, केव्हां व कोणत्या खतावर पेरावा? एकानें मालदांडी ३५-१ शेणखत घालून सप्टेंबरांत पेरली, दुसऱ्यानें फुले वसुधा खताशिवाय ऑक्टोबरांत पेरली, व पहिल्याचें खळें अधिक भरलें, तर तें श्रेय वाणाचें, खताचें कीं पेरणीचें, हें ब्रह्मदेवासही सांगतां येणार नाहीं. म्हणून प्रत्येक वाणाची प्रत्येक पेरणीशीं व प्रत्येक खताशीं गांठ घालून पाहणें अवश्य ठरतें. इंग्लंडांतील रोथॅमस्टेड येथें रोनाल्ड फिशर यांनीं १९२० नंतरच्या काळांत या पद्धतीस शास्त्रीय पाया घालून दिला.

मोहोळ येथें निवडलेली मालदांडी ३५-१, तसेंच फुले वसुधा व फुले सुचित्रा, असे तीन वाण घेऊं. पेरण्या दोन व खताचे प्रकार दोन. तीन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे बारा जोड्या झाल्या. हातानें लिहितां एखादी सुटते, एखादी दोनदां येते. संगणकाची आज्ञावली मात्र पहिला वाण धरून त्याची पहिली पेरणी घेते, तीवर दोन्ही खतें लावते, मग दुसरी पेरणी घेते. तो वाण संपला कीं पुढचा धरते.

या जोड्या एक्सेलच्या कोष्टकांत लिहितांना एक नियम पाळावा: एक जोडी, एक ओळ, एक बाब, एक रकाना. पहिल्या ओळींत रकान्यांचीं नांवें द्यावीं: अनुक्रमांक, गट क्रमांक, वाण, पेरणी, खत, उत्पन्न. पहिली जोडी दुसऱ्या ओळींत बसेल. प्रत्येक जोडी लिहून होतांच ओळीचा आंकडा एकानें वाढविण्यास आज्ञावलीस सांगावें. हें विसरल्यास नवी जोडी जुनीवरच लिहिली जाते व शेवटीं बारांपैकीं एकच उरते. नवशिक्यांची नेहमींची चूक ती हीच.

दुसरा धोका गट क्रमांकाचा. सातबाऱ्यावरील ५/२ हा क्रमांक इंग्रजी आंकड्यांत लिहिला तर एक्सेल पुष्कळदां त्यास तारीख समजतें. यास्तव तो रकाना आधींच मजकुराचा, म्हणजे 'टेक्स्ट', असा ठरवून ठेवावा.

लिहून झाल्यावर ताळा पाहावा. शेवटची ओळ तेरावी असली पाहिजे. प्रत्येक वाण चार वेळां, प्रत्येक पेरणी सहा वेळां व प्रत्येक खत सहा वेळां आलें पाहिजे. यांत फरक पडला तर चूक शोधल्यावांचून पुढें जाऊं नये.

मात्र कोष्टकांतील क्रमानेंच वाफे पाडूं नयेत. तसें केल्यास एकाच वाणास बांधाकडची खोल काळी जमीन मिळेल व दुसऱ्याच्या वाट्यास मुरमाड येईल. चिठ्ठ्या टाकून वाफे ठरवावे, आणि जागा असल्यास प्रत्येक जोडी दोन-तीन ठिकाणीं पेरावी. तेव्हां प्रत्येक वाफ्यास स्वतंत्र ओळ द्यावी व वाण, पेरणी आणि खत किती वेळां यावें हे ताळ्याचे आंकडे त्याच पटीनें वाढवावे.

आम्हीं महसुलाच्या दप्तरांत हेंच पाहिलें कीं, एक रकाना चुकला तर पुढचा सारा हिशोब चुकतो. शेताच्या प्रयोगांत ती चूक सबंध हंगाम घेऊन जाते, आणि हंगाम वर्षांतून एकदांच येतो. म्हणून पाभर धरण्यापूर्वीं एक घटकाभर कोष्टकाजवळ बसावें, हीच शेतकरी बंधूंस विनंति.