भुसावळ ते कूपरेज

रशियाच्या नकाशावर खाबारोव्स्क शोधायचे तर बोट मॉस्कोवरून उचलून पार उजवीकडे, चीनच्या सरहद्दीलगत न्यावे लागते. विमानाने सहा हजार किलोमीटरच्या वर, आणि घड्याळ मॉस्कोच्या सात तास पुढे. इथला एसकेए-खाबारोव्स्क हा क्लब २०१६-१७ मध्ये रशियन फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. श्रेणीत २० संघ, प्रत्येकाचे ३८ सामने, त्यातले निम्मे परगावी. दर थोड्या दिवसांनी अर्धा देश ओलांडायचा, खेळायचे, परतायचे आणि पुन्हा सरावाला उभे राहायचे. मॉस्कोचा डायनामो त्या वर्षी इतिहासात पहिल्यांदाच वरच्या श्रेणीतून घसरून या मैदानांवर उतरला होता आणि अपेक्षेप्रमाणे पहिला आला. खाबारोव्स्क चौथा आला. हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक सोडून गेले होते, अलेक्सेई पोद्दुब्स्की यांनी सूत्रे हाती घेतली, आणि बढतीसाठीच्या जादा सामन्यांत ओरेनबुर्गला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून हा संघ वर चढला. पुढच्याच वर्षी तो तळाला राहून खाली आला. क्लब मात्र बंद पडला नाही. प्रांताचे सरकार त्याच्या मागे होते, गाव त्याला आपला म्हणत होते.

त्याच २०१६-१७ च्या हंगामात दुसरा आलेला संघ होता तोस्नो. सेंट पीटर्सबर्गजवळच्या या लहानशा गावाचा क्लब २०१३ मध्ये एका बांधकाम समूहाच्या पैशावर उभा राहिला. प्रशिक्षक दिमित्री पार्फ्योनोव यांनी त्याला वरच्या श्रेणीत नेले आणि ९ मे २०१८ रोजी रशियन कपही जिंकून दिला. अंतिम सामन्यातला प्रतिस्पर्धी कुर्स्कचा अवानगार्द, दुसऱ्या श्रेणीतला. महिनाभरात तोस्नो बंद झाला. कप जिंकलेला क्लब पुढच्या हंगामात अस्तित्वातच नव्हता. पार्फ्योनोव येकातेरिनबर्गच्या उरल संघाकडे गेले. तोस्नो गावाकडे काय राहिले, हा प्रश्न मला त्या अंतिम सामन्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

कारण आपल्या महाराष्ट्रात तोस्नोची गोष्ट एकदा नव्हे, पाच-सहा वेळा घडली आहे.

२००७ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीगची जागा आय-लीगने घेतली. तिच्या खाली दुसरी श्रेणी होती, आणि त्या काळी तिथून मैदानावर जिंकून वर जाता येत होते. एस्सेल समूहाने २००७ मध्ये मुंबई एफसी काढला, डेव्हिड बूथ या इंग्लिश प्रशिक्षकाला आणले, आणि २००८ मध्ये या संघाने दुसरी श्रेणी जिंकून थेट वर झेप घेतली. पुढच्या वर्षी अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी त्याच वाटेने वर आला. नवख्या पुण्याने २००९-१० च्या पहिल्याच आय-लीग हंगामात डेम्पो आणि चर्चिल ब्रदर्स या गोव्याच्या दोन बलाढ्य संघांच्या मागोमाग तिसरे स्थान मिळवले. माझ्या मते महाराष्ट्राच्या फुटबॉलचा तो सर्वांत आशेचा काळ. एका वर्षी खालून जिंकून यायचे आणि दुसऱ्या वर्षी वरच्यांना घाम फोडायचा, हे इथेही होऊ शकते हे दिसले.

२०१२-१३ मध्ये आय-लीगच्या १४ संघांपैकी चार आपले होते: पुणे एफसी, मुंबई एफसी, एअर इंडिया आणि ओएनजीसी. पुणे त्या वर्षी उपविजेता ठरला. आणि २०१७-१८ चा हंगाम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्राचा एकही संघ आय-लीगमध्ये नव्हता. चारवरून शून्यावर यायला पाच वर्षे लागली.

ही घसरण कशी झाली ते पाहिले पाहिजे, कारण यातले बहुतेक संघ गोल खाऊन संपलेले नाहीत. सुरुवात खरे तर आधीच झाली होती. राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकणारा महाराष्ट्राचा एकमेव संघ म्हणजे महिंद्रा युनायटेड, २००५-०६ चा विजेता. २०१० मध्ये महिंद्राने तो बंद केला आणि शालेय मुलांच्या फुटबॉलकडे वळायचे ठरवले. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी यांना आशियाई महासंघाच्या क्लब परवान्याच्या अटी पुऱ्या करता आल्या नाहीत, म्हणून ते लीगबाहेर गेले. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ मध्ये कंपन्यांसाठी ठेवलेल्या थेट प्रवेशातून आला, तळाला राहिला आणि एका हंगामात संपला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, पैसा आणि टीव्ही तिकडे वळले, आणि २०१५ मध्ये पुणे एफसी बंद झाला. त्याची नावाजलेली अकादमी सुपर लीगमधल्या एफसी पुणे सिटीकडे गेली. तो क्लबही २०१९ मध्ये उठला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ उभा राहिला. डीएसके शिवाजियन्स २०१५ मध्ये थेट प्रवेशाने आला. मागचा बांधकाम समूह अडचणीत आला आणि २०१७ मध्ये संघ गेला. त्याच वर्षी मुंबई एफसी शेवटचा आला. खाली उतरून पुन्हा चढायची वाट त्याच्यापुढे होती, पण मालकांनी ती धरली नाही.

नावे बाजूला ठेवली तर एकच सूत्र दिसते. क्लब हा कंपनीच्या ताळेबंदातला एक खर्च होता. धंदा फिरला किंवा प्रसिद्धीचे नवे साधन मिळाले की तो खर्च पहिल्यांदा कापला गेला. कंपन्यांना मी दोष देत नाही. त्यांनी पैसा ओतला, चांगले प्रशिक्षक आणले, पोरांना पगार दिले. पण त्या खर्चाला हक्काने अडवणारे कोणी नव्हते. सभासद नव्हते, गाव नव्हते, महापालिका नव्हती.

प्रशिक्षकांच्या आयुष्यात हे सर्वांत स्पष्ट दिसते. गोव्याचे डेरिक परेरा यांनी महिंद्राला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. २००९ मध्ये ते पुणे एफसीकडे आले आणि त्याला तिसऱ्या, मग दुसऱ्या स्थानावर नेले. पुढे डीएसके शिवाजियन्सचे ते प्रशिक्षक होते. महाराष्ट्रात त्यांनी बांधलेले तिन्ही संघ आज नाहीत. त्यांच्या कामात कसर नव्हती, हे गुणतक्ते सांगतात.

खालिद जमील यांची कहाणी त्याहून बोलकी आहे. कुवेतमध्ये जन्मलेले, महिंद्रा आणि एअर इंडियाकडून खेळलेले खालिद २००९ मध्ये मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. पुढची सात वर्षे त्यांनी या संघाला वरच्या श्रेणीत टिकवले. खर्चाला हात आखडता, नावाजलेले खेळाडू नाहीत, तरी संघ दरवर्षी वाचायचा. बचाव घट्ट, एक गुण मिळाला तरी घ्यायचा, सामना सुंदर झाला नाही तरी चालेल. वरच्या श्रेणीच्या काठावर जगणाऱ्या संघाला हाच खेळ शिकावा लागतो. २०१६ मध्ये ते मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेले. हा क्लब आदल्या हंगामात खाली गेलेला, पण गोव्याच्या तीन क्लबांनी माघार घेतल्यामुळे लीगमध्ये परत घेतलेला. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये १-१ अशी बरोबरी साधून ऐझॉलने आय-लीग जिंकली. त्याच हंगामात खालिद यांचा जुना मुंबई एफसी तळाला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. मुंबईच्या कूपरेज मैदानावर कमावलेली विद्या देशाच्या कामी आली, हे चांगलेच झाले. पण ती ज्या क्लबात कमावली, तो क्लब नसल्यामुळे ती पुढच्या पोरांपर्यंत पोहोचवणारे मुंबईत कोणी उरले नाही.

त्यानंतर एकदा आशा वाटली. मुंबईचा केंकरे एफसी कोणा मोठ्या उद्योगाच्या आधाराशिवाय, अकादमी चालवत वाढलेला. २०२१ च्या पात्रता फेरीत तो दुसरा आला आणि २०२१-२२ मध्ये आय-लीगमध्ये दाखल झाला. २०२२-२३ मध्ये तो खाली गेला. तेच वर्ष महत्त्वाचे, कारण तेव्हापासून आय-लीग ही अधिकृतपणे देशाची दुसरी श्रेणी झाली आणि तिच्या विजेत्याला सुपर लीगचे दार उघडले. पंजाब एफसी त्या दारातून पहिला गेला, मग कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग. दार उघडले त्याच वर्षी आपल्याकडचा केंकरे रांगेबाहेर गेला. २०२३-२४ आणि २०२४-२५ च्या दोन्ही हंगामांत महाराष्ट्राचा संघ दुसऱ्या श्रेणीत नव्हता.

आता आपल्याकडे, खान्देशात येतो. भुसावळहून मुंबई रेल्वेने सुमारे ४४५ किलोमीटर. जळगाव-धुळ्याच्या पोराने फुटबॉलचे स्वप्न पाहिले तर जुन्या काळी त्याच्यासमोर एक वाट तरी होती: नोकरी. मुंबईचा फुटबॉल कार्यालयीन संघांवर उभा होता. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, आरसीएफ, एअर इंडिया, बँका आणि रेल्वे. चांगला खेळला तर पगारपत्रकावर नाव यायचे, गुडघा गेला तरी टेबल-खुर्ची राहायची. गिरण्या गेल्या, सरकारी भरती आटली, तशी ही वाट अरुंद होत गेली. भुसावळ हे मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय, त्यामुळे खेळाडूंच्या कोट्यातली रेल्वेची जागा हे आपल्याकडच्या पोरांचे आणि त्यांच्या आईबापांचे अजूनही सर्वांत मोठे फुटबॉल-स्वप्न आहे. यात मला काही कमीपणा वाटत नाही. घर चालवणाऱ्या माणसाने पोराच्या खेळाकडे याच डोळ्यांनी पाहायचे असते.

शाळेपर्यंत वाट ठीक आहे. सुब्रतो करंडक १९६० पासून चालू आहे. तालुका, जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य. मुलींची स्पर्धाही त्यात आली. पण हे सामने ऐन पावसाळ्यात होतात आणि बादफेरीचे असतात. तापी खोऱ्यातली काळी कपाशीची जमीन पावसात चिकट होते, बूट रुततो, चेंडू थांबतो. एक सामना हरला की पोराचे वर्ष संपले. उन्हाळ्यात हीच जमीन भेगाळते आणि पारा पंचेचाळिशी गाठतो. खेळायचे खरे दिवस दसऱ्यापासून होळीपर्यंतचे, आणि नेमक्या त्या दिवसांत शाळेचा फुटबॉल झोपलेला असतो.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य सरकारने ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ हा उपक्रम केला. सतरा वर्षांखालील विश्वचषक ऑक्टोबरमध्ये भारतात होता, नवी मुंबईत सामने होते, आणि त्या निमित्ताने राज्यभर दहा लाख पोरांनी फुटबॉल खेळावा असे ठरले. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शाळांना चेंडू वाटले गेले. उपक्रम मनापासूनचा होता. पण ज्या वर्षी शेवटच्या गावापर्यंत चेंडू पोहोचला, त्याच वर्षी राज्याचे उरलेले दोन्ही आय-लीग क्लब संपले. शाळा आणि सुपर लीग यांच्या मधले सगळे रिकामे झाले, आणि दहा लाखांतल्या एखाद्या गुणी पोराला पुढे कुठे पाठवायचे याचे उत्तर त्याच्या क्रीडाशिक्षकाकडे नव्हते.

त्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. तो घडला तो शासनाच्या पुण्यातल्या क्रीडा प्रबोधिनीत आणि पुढे राष्ट्रीय महासंघाच्या अकादमीत. पण त्याच्या मागे कोल्हापूर होते, हेही खरे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग, शाहू स्टेडियमवर सामन्याला लोटणारे हजारो लोक, आणि पाटाकडील, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, फुलेवाडी अशी पेठापेठांची मंडळे. हे संघ राष्ट्रीय श्रेणींत नसतील, कधी मैदानावर हाणामारीही होते, पण पिढ्या लोटल्या तरी ते बंद पडलेले नाहीत. पेठ उद्योगधंदा बदलून निघून जात नाही. खाबारोव्स्कला प्रांताने जे दिले, ते कोल्हापूरला तालमीने दिले.

खान्देशात तालमी आहेत, यात्रेतले कुस्त्यांचे फड आहेत. मातीत उतरलेल्या पोराला गावाने खुराक द्यायचा ही रीत इथे परकी नाही. जळगावच्या जैन इरिगेशनने क्रिकेट, कॅरम, बुद्धिबळाच्या खेळाडूंना नोकऱ्या आणि स्पर्धांचा आधार दिला, तेव्हा खेळाला पैसा देणारा उद्योगही इथे आहे. माझी सूचना एवढीच, की फुटबॉलमध्ये हा पैसा संघ उभा करण्यात जाऊ नये, लीग चालवण्यात जावा. प्रायोजक गेला तर लीगची जर्सी बदलते, संघ राहतात.

२०२४-२५ च्या हंगामात देशात चार श्रेणी होत्या: सुपर लीग, आय-लीग, आय-लीग २ आणि २०२३-२४ पासूनची आय-लीग ३. खान्देशातल्या क्लबला सुरुवात करायची तर चौथीच्याही खालून, राज्याच्या पातळीवरून करावी लागेल. त्याआधी त्याला दर आठवड्याला खेळायला प्रतिस्पर्धी हवा. जळगाव, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, पाचोरा, धुळे, शिरपूर, दोंडाईचा असे आठ गावांचे आठ संघ धरा. यातल्या बहुतेक गावांमधले अंतर एसटीने किंवा पॅसेंजरने सकाळी निघून रात्री घरी येण्याइतके आहे, खाबारोव्स्कच्या पोरांना तेवढ्यात विमानतळावरचा सोपस्कारही उरकत नाही. घरचा एक, परगावचा एक, असे धरले तर प्रत्येक संघाचे १४ आणि लीगचे ५६ सामने होतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी किमान २१ रविवार मिळतात, १४ खेळायला आणि उरलेले परीक्षा, दिवाळी, लग्नसराईसाठी. आठ मैदानांवर पाण्याचा निचरा, शिट्टी हातात धरणारे प्रशिक्षित पंच आणि महासंघाचा परवाना घेतलेला एक-एक प्रशिक्षक लागेल. हे काम दोन जिल्ह्यांच्या संघटनांना, पालिकांना आणि जिल्हा क्रीडा कार्यालयांना एका टेबलाभोवती बसून करता येण्यासारखे आहे.